अंगठ्याची चिंधी

"हळू! जित्या माणसाला ताटीवर बांधल्यावानी काहून आवळून राहिले?" गोजरबाई दारातूनच खेकसली.

तिचा दीर ग्यानबा मान खाली घालून थोरल्या भावाचे पाय धोतराच्या पट्टीने फळीला बांधत होता. "सैल ठेवलं तर दादा घसरतील, वैनी."

फळी पुरुषभर लांब, मधोमध एका आडव्या दांड्यावर तोललेली. ग्यानबाने एक टोक दाबले की सोनाजीचे डोके खाली जाई, सोडले की पाय खाली जात. तीन वर्षांत सोनाजीच्या हातापायांतली ताकद ओसरली होती, वाचा गेली होती, आणि आता छातीही थकली होती. ही फळीची युक्ती कळमनुरीच्या डॉक्टरांची. डोके खाली गेले की पोटाचा भार छातीकडे सरून हवा बाहेर पडते, पाय खाली गेले की आत शिरते. झुलवून झाले की टेकवून बसवायचे, सपाट मात्र निजवायचे नाही.

म्हणजे असे ग्यानबा सांगे. शिरड शहापूरहून गाडी जुंपून तोच भावाला घेऊन गेला होता. गोजरबाई बाहेर गाडीतच बसून राहिली होती. तिने कुठे स्वतःच्या कानांनी ऐकले होते?

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सात वर्षे दोघा भावांत बोलणे नव्हते. आणि भाऊ अंथरुणाला खिळताच याला एकदम माया फुटली? सकाळ-संध्याकाळ येतो, घामाने निथळेपर्यंत फळी हलवतो, उगीच? याला दादाचा श्वास नको, अंगठा हवा, हे तिने मनाशी पक्के केले होते. निजामाच्या या मोगलाईत एकदा कोऱ्या कागदावर अंगठा उठला की कोण विचारतो! मळा गेलाच म्हणायचा. म्हणून तिने सोनाजीच्या डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळून वर पक्की गाठ मारली होती.

"काय झालं अंगठ्याला?" ग्यानबाने विचारले होते.

"चेपला दारात."

दुसऱ्या दिवशी तो पानात लेप घेऊन आला. तिने तो उकिरड्यावर फेकला. त्याला प्यायला पाणीसुद्धा ती कधी विचारत नसे.

आज पाय बांधून फळी दोनचारदाच झुलली असेल, तोच सोनाजीचे ओठ काळेनिळे पडले. शेजारची म्हातारी रुख्मिणीबाई आत डोकावली आणि तिथेच थबकली.

"गोजरे, आता काय बघून राहिलीस? खाली घे त्याला. फळीवर जीव गेला तर गती न्हाई मिळायची."

"खाली नका घेऊ!" ग्यानबा ओरडला. "आडवं केलं की दम तुटतो. मला हालवू द्या."

भावाच्या गतीच्याही आड येतोय मेला, असे वाटून गोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने त्याला ढकलले आणि पट्ट्या सोडल्या. रुख्मिणीबाईने भुई सारवली. दोघींनी मिळून सोनाजीला खाली घेतले, ओठांवर तुळशीचे पान ठेवले.

पान हलेना. पण सोनाजीचे डोळे जागे होते. ते गोजरबाईवरून ग्यानबाकडे गेले, ग्यानबावरून फळीकडे गेले आणि तिथेच खिळून राहिले.

त्याला फळीच हवी होती.

"उचला, भावजी!"

"अगं, खाली घेतलेलं माणूस परत वर घेतेत व्हय?" रुख्मिणीबाई किंचाळली.

"गावाला काय म्हनायचं ते म्हनू दे. उचला!"

दोघांनी सोनाजीला उचलून पुन्हा फळीवर बांधले. ग्यानबाने फळी दाबली, सोडली. दाबली, सोडली. गोजरबाई ओठांकडे बघत होती. किती वेळ गेला, देव जाणे. मग ओठांना चिकटलेले ते पान थरथरले, उचलले गेले आणि गालावरून खाली पडले.

रुख्मिणीबाई पुटपुटत निघून गेली. ग्यानबा अजून फळी हलवतच होता. गोजरबाईने चुलीपाशी जाऊन ताट वाढले आणि त्याच्यासमोर ठेवले.

"बसा. दोन घास खा. मी हालवते."

तो भिंतीला टेकून बसला. फळी एका हाताने दाबत ती दुसऱ्या हाताने सोनाजीच्या अंगठ्यावरची गाठ सोडू लागली. गाठ पक्की होती, शेवटी दातांनी सोडवावी लागली. चिंधी खाली पडली. आतला अंगठा पांढुरका होता, धडधाकट होता. चेपल्याची खूण कुठेच नव्हती.

ग्यानबाने ते पाहिले. त्याचा हात ताटात थांबला.

"बरा झाला म्हनायचा," तो म्हणाला आणि त्याने भाकरी मोडली.

गोजरबाईला मान वर करता आली नाही. ती फळी दाबत राहिली, सोडत राहिली.