गोदाबाईनं पारखलेलं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. माझं एक पान गाईनं खाल्लेलं आहे. पण ज्या दिवसांत वऱ्हाडात माणसं कापसाशिवाय दुसरं काही बोलत नव्हती, त्या दिवसांत मी नवाकोरा होतो.

माझा जन्म मुंबईच्या एका शिळाछाप छापखान्यात झाला. कारागिरानं दगडावर उलटी चित्रं काढली, ती कागदावर सुलटी उमटली. मग गव्हाच्या खळीनं पाठ चिकटवली, वर लाल खारव्याचं कापड चढवलं, आणि पेटीत घालून मला अमरावतीला धाडलं.

दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस थांबला होता, म्हणून विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता. बार्शीटाकळीकडचे खुशालराव देशमुख कापूस विकून बाजारात हिंडत होते. त्यांनी घड्याळ घेतलं, झुंबर घेतलं, आणि लेकीसाठी मला घेतलं. दाताखाली सरकी फोडून पाहिल्याशिवाय बी न पेरणारा हा माणूस, पण मला नुसतं हातात तोललं, जाड आहे म्हणाले आणि बैलगाडीत टाकलं. तेव्हाच मला थोडी शंका आली.

घरी सगळे घड्याळाभोवती जमले. चार वर्षांची जमुना तेवढी माझ्याकडे धावली, तर तिच्या आत्यानं तिचं मनगट धरलं. ही गोदाबाई, खुशालरावांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, घरच्या किल्ल्या तिच्या कमरेला. दुधावर संशय, पाहुण्यावर संशय, नव्या घड्याळाच्या टिकटिकीवरसुद्धा संशय. मी तर परगावचा.

“याच्या शाईत काय हाय?” तिनं विचारलं.

“शाईत शाईच असन ना, बाई,” खुशालराव म्हणाले.

“काडतुसात बी बारूदच होती म्हनत.”

काडतुसांना लावलेल्या चरबीवरून शिपायांनी केलेल्या बंडाला फार वर्षं झाली नव्हती. खरं सांगायचं तर माझ्या शाईत चरबी नव्हती, तूप होतं. पण पुस्तकाची साक्ष कोण काढतो?

गोदाबाईनं आपली रीत काढली. चरबीला गाय तोंड लावत नाही, म्हणून तिनं मला उघडून मोरी गाईच्या गव्हाणीत ठेवलं. जमुना खांबाला मिठी मारून उभी होती. मोरीनं मला हुंगलं. खळीचा वास तिला आवडला असावा. तिनं शांतपणे एक पान ओढून खाल्लं. त्या पानावर घुबड होतं, मित्रांनो. गोदाबाईनं ते घुबड पाहिलं असतं तर मी त्याच दिवशी चुलीत गेलो असतो. मोरीनं मला शुद्ध ठरवलं आणि वाचवलंही.

शाई संशयातून सुटली, पण चित्रं सुटली नाहीत. पोरीला काय दाखवतात ते आधी आपण पाहू, म्हणून गोदाबाई जमुनेला मांडीवर घेऊन बसली. अक्षर तिला येत नव्हतं. खुशालरावांना हिशोबाची मोडी येई, छापील बाळबोध वाचताना तेही अडखळत. तेव्हा चित्रांचीच झडती सुरू झाली. राजा दिसला की म्हणायची, याची नजर चांगली नाही, पान उलट. हत्तीच्या पायात साखळी का नाही, कुणी सोडला, हे तिनं जमुनेलाच विचारलं. जमुनेनं हत्तीची सगळी हकीकत सांगितली. नावेच्या पानावर आत्या अडली.

“पान्यावर घर? बुडन ते.”

“नाई बुडत, आत्या. त्याले पाय हायेत ना,” जमुनेनं वल्ही दाखवली.

दुसऱ्या दिवशी गोदाबाईनं मला फळीवरून पुन्हा उतरवलं. काल एखादं पान नजरेतून सुटलं असेल, म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच. आता मला तिचाच संशय येऊ लागला. झडती घेणारा माणूस हत्तीच्या पानावर हसतो कशाला?

पण माझ्या प्रत्येक चित्राखाली एक ठळक अक्षर होतं. एका दुपारी जमुनेनं चुलीपुढच्या राखेत बोटानं ‘ह’ काढला. तिची आई, पार्वताबाई, भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मुलगी अक्षर शिकली की तिचा नवरा जगत नाही, असं तेव्हा घरोघरी मानत. पार्वताबाईनं मला फळीवरून ओढलं आणि चुलीशी नेलं. मला तिचा राग आला नाही. भ्यायलेली आई होती ती. जमुना रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

गोदाबाईनं पार्वताबाईचा हात धरला.

“बाई, तुमी आडव्या येऊ नका. माह्या पोरीचं कुंकू जाईन.”

गोदाबाईनं हात सोडला नाही. मग हळू म्हणाली, “पार्वता, मी कोनतं पुस्तक वाचलं होतं वो?”

माझी एक कड गरम झाली होती. पार्वताबाईनं मला मागे घेतलं. पदरानं राख पुसली. मग भाकरी तव्यावर तशीच करपू देऊन तिनं मला पहिल्यांदा उघडलं, तेही उलटं. जमुनेनं तिच्या हातात मला सुलटं केलं आणि हत्ती दाखवला.

मित्रांनो, तुमच्यासाठी पुस्तक निवडणाऱ्या मोठ्यांना माझं एक सांगणं पोचवा. संशय खुशाल घ्या. पण पुस्तक वजनावर घेऊ नका आणि न पाहता जाळू नका. पोराला मांडीवर घ्या, पान न् पान उघडा, आणि त्यालाच विचारा. ज्यांनी मला हौसेनं विकत घेतलं त्यांनी मला कधी नीट पाहिलं नाही. जिनं माझ्यावर शंका घेतली तिनंच पाहिलं.

आणि मला ओल्या फडक्यानं पुसू नका. वेष्टनाच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका आहे. त्या संध्याकाळी गोदाबाईनं जमुनेच्या गालाला तीट लावली आणि बोटावर उरलेलं काजळ, कुणी बघत नाही असं पाहून, मला लावलं.