साडेसाती संपल्यावर

साडेसाती लागली की आमच्याकडे काही घरांत काळा लॅब्रॅडोर येतो. शनिवारी त्याला तेल लावलेली पोळी मिळते. साडेसाती संपली की तोच कुत्रा नकोसा होतो. असे कुत्रे माझी बायको कौशल्या घरी आणायची, खाऊपिऊ घालून चांगल्या घरी द्यायची. देण्याआधी एकच विचारायची, "घरात साडेसाती कोणाला?" कोणाला असली तर कुत्रा नाही.

ती श्रावणात गेली. तिने आणलेला शेवटचा गोटू माझ्याकडे राहिला. माझे गुडघे गेलेले. फिरवताना त्याने मला दोनदा पाडलं. म्हणून इच्छापूरच्या यशवंतने मागितला तेव्हा मी त्याला रिक्षाने घेऊन गेलो.

केळीच्या मळ्यातच त्यांचं घर. मी कौशल्याचा प्रश्न विचारला.

"कोणालेच नाही, काका," यशवंत म्हणाला.

ओट्यावरून त्याची आई मालूबाई ओरडली, "खोटं कायले बोलतो? तुलेच तर लागली! पंडितजींनी सांगितलं, काला कुत्ता पाल."

"अडीचच वर्षं राहिली आता," यशवंत पुटपुटला.

मी उठलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. गोटूला परत न्यायला कारण मिळालं.

"बसा," मालूबाई म्हणाली. "याच्या बापालेबी लागली होती. तेव्हा काळी कुत्री आणली. शनी उतरला, तरी ती इथंच राहिली. मालक गेले, त्याच्यानंतर चार वर्षांनी ती गेली. त्या लिंबाखाली पुरली."

मी गोटूची साखळी हाताला गुंडाळली.

"तुमाले द्यायचा नसंल तर तसं सांगा. शनीवर कायले ढकलता?"

यशवंत म्हणाला, "माय, गप ना." पण ती माझ्याकडेच बघत होती. तिचं खरं होतं. सहा महिने घरात मी बोलतो तो गोटूशीच.

मी खाली बसलो. म्हटलं, "त्याला गूळ देऊ नका. जुलाब होतात. आणि बांधून ठेवू नका."

"नाही बांधत. तुमी येत जा बघाले. फक्त शनिवारी नका येऊ. यशवंता तुमालेच तेलाची पोळी चारील."

यशवंत हसला. मलाही हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

साखळी मालूबाईच्या हातात दिली. गोटू तिच्याजवळ बसला नाही, माझ्याकडे बघत उभा राहिला. मी रिक्षात बसलो. हमरस्ता येईपर्यंत मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरलो असतो.