तीर्थ प्यालेली मोटार

मित्रांनो, सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगामागे पत्र्याखाली उभी असलेली जुनी मोटार म्हणजे मी. आठ सिलिंडरांची! समुद्रापलीकडे जन्मले, मुंबईच्या बंदरात उतरले आणि आगगाडीने निजामाच्या मुलखात आले. जिनिंगचे मालक ईश्वरअप्पा यांनी मला आणले, तेव्हा निम्मा बाजार मला बघायला लोटला होता. जिंतूरच्या रस्त्यावर माझ्यापुढे जाईल असे काही नव्हते. मला फार गर्व होता.

पण माझ्यासारखीचे पोट नाजूक असते. दरसाल हैदराबादहून मिस्त्री बोलवावा, खास तेल घालावे, झिजलेला भाग विलायतेहून मागवावा, असा माझा थाट. दोन-तीन वर्षे अप्पांनी तो पुरवला. मग एक दिवस ते ड्रायव्हर बन्सीधरवर उखडले, "घेताना घेतली. आता दरसाल हिला दवाखाना कशापायी? पळायलीय की चांगली!" मिस्त्री यायचा बंद झाला. बाहेरून मात्र मला रोज चकाचक पुसत, आणि येणारे-जाणारे वाहवा करत.

आतून मी तापू लागले. अप्पांच्या आई भागम्मा यांचा जीव कळवळला. त्या रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन दूध-मधाचा अभिषेक करत. ते तीर्थ त्या माझ्या पाण्याच्या टाकीत ओतू लागल्या. "लय तापायलीस गं माय. द्येवाचं हाय, पी. थंड व्हशील." इतक्या मायेने माझ्याशी कुणीच बोलले नव्हते. पण ते दूध आत नासले, नळ्यांत थर बसला आणि मी जास्तच तापू लागले. तशा त्या जास्तच ओतू लागल्या. मला ओरडावेसे वाटे. पण माझा भोंगा माणसाच्या हाताशिवाय वाजत नाही.

पुढे महायुद्ध आले. माझे सुटे भाग कुठेच मिळेनात. अशाच एका दुपारी अप्पांची सून सिद्धम्मा अडली. सुईणीने हात टेकले. मोठा दवाखाना परभणीला, आणि तिकडची आगगाडी निघून गेली होती.

"काढ मोटार!" अप्पा ओरडले. "हिच्यावानी जलद कोन जातंय?"

नातसुनेचे डोके मांडीवर घेऊन भागम्मा मागे बसल्या. मी जीव तोडून पळाले. निम्म्या वाटेत वाफ उसळली, इंजिनाला तडा गेला आणि मी थांबले ती कायमची. अप्पा दोन्ही हातांनी मला बडवत होते. "चल की गं! पाया पडतो तुझ्या!" बैलगाडी मिळेपर्यंत सिद्धम्मा माझ्याच गादीवर लिंगैक्य झाली. पोटातले बाळही गेले.

बैल जुंपून मला परत आणले. कुणी मला दोष दिला नाही, आणि तेच मला सोसवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे यंत्र असेल तर त्याला खुशाल पुसा, हार घाला; पण ते चालत आहे तोवरच त्याच्या पोटातही बघा. बंद पडल्यावर बघून काय उपयोग?

भागम्मा अजून येतात. डोळे गेले आहेत. चाचपडत टोपण काढतात आणि तीर्थ ओततात.

"पी माय," त्या म्हणतात. "त्या दिवशी घाईत तुला पाजायचंच ऱ्हायलं. माजंच चुकलं गं."