पाणाड्याचा उलटा करंट

वारंडी गावाच्या बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबात, शनिवारी दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. मोटारशर्यतीच्या गेमचा शेजारच्या गावाशी अंतिम सामना होता, पण पडद्याकडे बघतंय कोण? सगळ्यांचे डोळे क्लेम ट्रॅन्टरच्या ओंजळीवर होते. ओंजळीत बिनतारी कंट्रोलर होता, मेलेला. दोन मिनिटांपूर्वी गावाकडून ब्रॉन्विन खेळत असताना त्याचा संगणकाशी संबंध तुटला आणि तिची गाडी सरळ भिंतीत गेली.

"शांतता!" क्लेम डोळे मिटून म्हणाला. "जमिनीखालचं पाणी आणि हवेतला करंट ही सख्खी भावंडं. एक रुसलं की दुसरं रुसतं. हंऽऽऽ..."

कंट्रोलरवरचा दिवा भराभर लुकलुकला आणि स्थिर झाला. पडद्यावरची गाडी हलली. टाळ्या, शिट्ट्या!

क्लेम पाणाड्या होता. कुंपणाच्या दोन वाकड्या तारा हातात धरून त्याने अर्ध्या तालुक्याला बोअरची जागा दाखवली होती. खडकात पाणी दाखवणाऱ्याला प्लास्टिकचं खेळणं काय जड, असं म्हणून गावाने आपली अक्कल गहाण टाकली होती.

आता त्याने त्याच तारा काढल्या आणि तो ब्रॉन्विनसमोर उभा राहिला. तारा एकमेकींवर आडव्या झाल्या.

"सलग चौथा शनिवार. मी जोडतो, ही तोडते. पोरीच्या अंगात उलटा करंट आहे. हिला बाहेर बसवा."

तीन शनिवार ब्रॉन्विनने हे हसण्यावारी नेलं होतं. आज हसू येईना. ती मेंढ्यांची लोकर कातरायची आणि ही उलट्या करंटची कुजबुज ऐकून कालच ठेकेदार तिला म्हणाला होता, सोमवारपासून विजेच्या कात्रीला हात लावू नकोस, पुढचं पुढे बघू. हंगाम नुकता सुरू झाला होता. तिला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त संताप आला होता.

"गस, तूसुद्धा?"

कप्तान गस बुटांकडे बघत म्हणाला, "माझा नाही गं तसा विश्वास. पण विषाची परीक्षा कशाला?"

"क्लेम," मागून आवाज आला, "तुझ्या डाव्या अंगठ्याखाली काय आहे रे?"

नोरीन हॅड्रिक बाई. दूरदूरच्या मेंढवाड्यांवरच्या मुलांना त्यांनी तीस वर्षं रेडिओवरून शिकवलं होतं. गस आणि ब्रॉन्विन दोघंही त्यांचेच विद्यार्थी.

"अंगठ्याखाली? श्रद्धा, बाई."

"श्रद्धेला बटण असतं, हे आजच कळलं."

बाईंनी कंट्रोलर घेतला, वरच्या कडेचं बारीक बटण दाबून धरलं. दिवा तसाच लुकलुकला. "असं केलं की हा संगणकाला नव्याने शोधतो. माहितीपत्रकात लिहिलंय. हंऽऽऽ तेवढं लिहिलेलं नाही."

हशा पिकला. पण क्लेम काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "असेल जोडायची युक्ती! पण तुटतं का? तेही हिच्याच हातात?"

गर्दी पुन्हा ब्रॉन्विनकडे वळली. प्रश्न बिनतोड होता, तिलाही उत्तर हवं होतं. ती विचार करू लागली. "बाई, मी दर वेळी तिसरी खेळते. तिसऱ्या फेरीला आणखी काय होतं?"

"पाहुण्यांचे सॉसेज रोल गरम होतात," गसची बायको लॉर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. तिसरी, म्हणजे शेवटची फेरी संपताच पाहुण्यांच्या हातात गरम रोल पडलाच पाहिजे, ही वारंडीची रीत. आणि त्याच खिडकीत मायक्रोवेव्ह ओव्हन, त्याला चिकटूनच संगणक.

"मग अंदाज कशाला? करून बघू," बाई म्हणाल्या. "गस, तू बस. लॉर्ना, लाव ओव्हन."

गसची गाडी पहिल्याच वळणावर भिंतीत! ओव्हन बंद करून ब्रॉन्विन बसली. तीन चकरा गाडी लोण्यासारखी पळाली. मग ओव्हन पुन्हा चालू आणि कंट्रोलर क्लेमच्या हातात. गाडी ठप्प.

"अरेरे," लॉर्ना म्हणाली, "क्लेमलाही उलटा करंट!"

"ओव्हन आणि कंट्रोलर, दोघांची रेडिओलहर जवळपास एकच," बाईंनी सांगितलं. "कंट्रोलर कुजबुजतो आणि ओव्हन शेजारी बोंबलतो. संगणकाला ऐकू कसं जाणार? रोल गरम होऊन ओव्हन थांबला की क्लेमचा मंत्र फळतो." कंट्रोलरचे संकेत पकडणारा नखाएवढा रिसीव्हर संगणकाच्या पाठीमागे, ओव्हनच्या बाजूला खोचलेला होता. ब्रॉन्विनने तो उपसला आणि लांब वायर लावून पुढे टेबलावर, कंट्रोलरसमोर आणला. ओव्हन चालू ठेवला तरी गाडी अडखळली नाही.

बाई गर्दीकडे वळल्या. "औषध टिकेना, म्हणून वैद्याला गुन्हेगार हवा होता. तुम्ही तो हात जोडून दिलात. अरे, काही बिघडलं तर एकेक गोष्ट बदलून बघा, पुन्हा बघा. जित्याजागत्या पोरीला कसलं दोषी ठरवता?"

क्लेम तारा गुंडाळत पुटपुटला, "पाण्याचं मात्र खरं आहे हं."

"पुढच्या शनिवारी ये," बाई म्हणाल्या. "काही भरलेल्या, काही रिकाम्या बादल्या झाकून ठेवते. तारांनी ओळखून दाखव."

गस पुढे आला. "ब्रॉन, चुकलं गं."

"मला नको सांगूस. सोमवारी लोकर कातरायच्या शेडवर चल आणि ठेकेदाराला सांग. सगळ्यांसमोर."

"येतो."

शेवटची, तिसरी फेरी नव्याने झाली. कंट्रोलर एकदाही तुटला नाही. शेवटच्या वळणावर ब्रॉन्विनने ब्रेक उशिरा दाबला, गाडी घसरली आणि वारंडी हरली.

ब्रॉन्विनने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि ती मोकळेपणाने हसली.

"ही चूक माझी," ती म्हणाली. "ही खुशाल माझ्या नावावर लिहा."