गेजवरचं कुंकू

मी एक जुना प्रेशर गेज, म्हणजे दाब मोजणारा काटा आहे, मित्रांनो. सायकलच्या पंपावर असतो तसला टिल्लू नव्हे हं! नॉर्वेचा गॅस समुद्राखालून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर येतो, तिथल्या पाइपावर माझी जागा होती.

नॉर्वे हा युरोपीय संघाबाहेरचा, तेल आणि गॅसवर गबर झालेला शेजारी. तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनमध्ये त्याच्या गॅसवर घरं ऊबदार राहत, भात शिजे. गॅस किती आला हे ठरवताना दोन्ही देश माझ्या काट्यावर भिस्त ठेवत, म्हणून माझ्यावर दोघांचंही सील होतं. माझी ऐट काय विचारता!

माझी देखभाल नागपूरची सुप्रभा करायची. २००७च्या दसऱ्याला तिने माझी काच पुसली आणि घरी अवजारांना लावतात तसं मला कुंकू लावलं. आजवर मला फक्त स्पॅनर लागले होते. मी नुसता फुलून गेलो.

दुसऱ्याच दिवशी नॉर्वेचे तपासनीस आले. सीलभोवती लाल भुकटी बघून त्यांच्या भुवया चढल्या. कुणीतरी सील उघडून काटा फिरवला आणि खूण रंगाने झाकली, असा त्यांना संशय आला. ब्रिटिश साहेब गोरेमोरे झाले. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे चोर असल्यासारखं बघू लागली आणि मला भंगारात काढायची भाषा सुरू झाली.

सुप्रभाचे वरिष्ठ शशिकांत पुण्याचे; ते कुंकू आहे हे त्यांनी लगेच ओळखलं. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"गप्प बस. तुझं वर्क परमिट रिन्यूअलला आहे. गेज काय, दुसरा येईल."

"पण सर, तो खोटं दाखवत नाहीये," ती म्हणाली.

ती तडक मीटिंगमध्ये गेली. कुंकू आपणच लावलं आणि का लावलं, ते तिने सगळं सांगितलं. मग माझी चाचणी झाली. काटा केसभरही चुकला नाही. तपासनिसांनी साहेबांशी हात मिळवला, नवं सील लागलं, गॅस येत राहिला.

सीलबंद यंत्राला काही लावायचं नाही, हा नियम मात्र सुप्रभाने मोडला होता. तिच्या परमिटसाठी कंपनीने शिफारस केली नाही, आणि कडाक्याची थंडी पडायच्या आत ती नागपूरला परतली. जाताना तिला माझ्यापर्यंत येऊही दिलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

पुढे डिजिटल मीटर आला आणि मी स्टोअरच्या कपाटात धूळ खात पडलो. त्याची तक्रार नाही.

यंत्रांची निगा राखा, हे तुम्हाला सगळेच सांगतात, मित्रांनो. निगा राखणाऱ्या माणसाची बाजूही कुणीतरी घ्यायला हवी ना? मला बोलता येत नव्हतं. शशिकांतना येत होतं. तुम्हालाही येतं.