पिंतोचं आरवणं

त्या वर्षी मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स म्हणून कायमच्या रात्रपाळीला होते. सकाळी आठच्या सुमारास मोका गावातल्या घरी पोचायचे, कॉफी प्यायचे, उकडलेल्या हिरव्या केळ्याचे दोन घास कसेबसे पोटात ढकलायचे आणि अंथरुणावर पडायचे. डोळा लागतोय न लागतोय तोच खिडकीबाहेर पिंतो आरवायचा.

पिंतो हा शेजारच्या तोरिबिओकाकांचा कोंबडा. अंगभर पांढरे ठिपके, एका पायाचं नख तुटलेलं. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे आणि माझी झोपायची खोली नेमकी त्या भिंतीला लागून. पिंतो भिंतीवर चढायचा आणि दुपारपर्यंत उतरायचाच नाही. पूर्वी असा नव्हता. पहाटे आरवला की दिवसभर कोंबड्यांमागे हिंडायचा. तीन महिन्यांपासून त्याला काय झालं होतं, कुणास ठाऊक.

माझं डोकं दिवसभर दुखायचं. एकदा बसमध्ये उभ्या उभ्या झोपले आणि एका बाईच्या टोपलीवर पडले.

"अगं, सरळ सूप करायला सांग त्याचं," कोपऱ्यावरचा दुकानदार मोंचो म्हणाला. "नाहीतर मला दे. झुंजीच्या रिंगणात आठ दिवसांत गप्प होईल."

"तुझंच सूप करते आधी," मी म्हटलं. पण हसायलाही अंगात त्राण नव्हतं.

शेवटी काकांकडे गेले. काका सत्तरीचे, आयुष्यभर ट्रक चालवलेले. काकू मुलीच्या बाळंतपणाला म्हणून न्यूयॉर्कला गेल्या त्या नऊ वर्षं तिकडेच. घरात काका, सात कोंबड्या आणि पिंतो.

"योकास्ता, पोरी, मला कळतंय गं," काका म्हणाले. "पण त्याला काढला तर मुंगूस आलेलं कोण सांगणार? आणि खरं सांगू, घरात आवाज असा त्याचाच."

त्यांनी फळ्या ठोकून एक बुटका खोका केला. मान उंच करता आली नाही की कोंबड्याला जोरात आरवता येत नाही, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. हवेसाठी भोकं पाडली, आत भुसा घातला आणि रात्री पिंतोला त्यात बंद केलं. पहाटेपुरतं ते ठीक होतं, गल्लीतले बाकीचे लोक खूश झाले. पण मी झोपायचे दिवसा. दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला माझ्यासाठी दहापर्यंत आत ठेवला. उन्हं वर आल्यावर मी बघायला गेले तर पिंतो चोच उघडी टाकून धापा टाकत होता.

"काढा त्याला बाहेर," मी म्हटलं. "अशी झोप नको मला."

मग आवाज दबावा म्हणून मी रक्तदाब मोजायच्या जुन्या पट्ट्याचा चिकटणारा तुकडा कापून पिंतोला गळपट्टा केला. आत माझं बोट सहज फिरेल इतका सैल ठेवला. पट्टी बांधण्यात माझा हात बसलेला आहे. पण पिंतो मागे मागे चालत गेला, पाण्याच्या भांड्यावर आपटला आणि पाय झाडत आडवा झाला. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मी पट्टा काढून फेकून दिला. पाच मिनिटांत साहेब पुन्हा भिंतीवर.

त्या शुक्रवारी वॉर्डात आमचं एक बाळ गेलं. दीड किलोची मुलगी होती. घरी आले तर वीज गेलेली, पंखा बंद. पडले. पिंतो आरवला. पुन्हा आरवला. मी उठले, डॉक्टरांनी मला झोपेसाठी दिलेल्या गोळ्यांतली एक चमच्याखाली चिरडली, केळ्यात कालवली आणि मागच्या अंगणात गेले.

"ये, पिंतो."

तो लगेच उतरून आला. मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्या हाताकडे बघायला लागला. चोच तळव्याला लागणार, तेवढ्यात मी मूठ मिटली. वॉर्डात मी थेंब थेंब मोजून औषध देते, वजन तीनदा तपासते. या जिवाचं वजन किती, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. तो घास मी शौचालयात टाकला, हात घासून धुतले आणि तशीच काकांच्या दारात जाऊन सगळं सांगून टाकलं. सांगताना रडू फुटलं.

मला वाटलं, आता दारातूनच हाकलतील.

"बस," काका म्हणाले. "कॉफी घे. मग दोघं मिळून बघू, हा तिथं चढून करतो तरी काय."

दोन खुर्च्या घेऊन आम्ही भिंतीजवळ बसलो. सकाळच्या त्या वेळी मी कधी बाहेर नसायचेच. पिंतो भिंतीवर चढला, मानेची पिसं फुलवली, आडव्या पावलांनी दोनदा सरकला आणि माझ्या खिडकीकडे बघून आरवला. थांबला. पुन्हा पिसं फुलवली.

"पोरी," काका हळूच म्हणाले, "तुझ्या खिडकीत कोंबडा आहे."

मी वाकून पाहिलं. दिवसा अंधार हवा म्हणून मी काचेला बाहेरून चंदेरी कागद चिकटवला होता. तीन महिन्यांपूर्वी. त्यात एक ठिपक्यांचा कोंबडा मान ताणून उभा होता, आणि बिचारा पिंतो रोज त्याला हुसकावत होता.

"मीच आणून ठेवला की हा," मी म्हटलं.

"आणि तो खिडकीतला बघ, जागचा हलत नाही!" काका म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. माझं हसू मध्येच संपलं, इतकी मी दमले होते.

कागद खरवडून काढायला तासभर लागला. आतून जाड गोधडी लावली. काकांनी दाणे टाकायची जागा घराच्या पलीकडे, केळीखाली नेली. पिंतो दोन दिवस भिंतीवर येऊन शोधत राहिला, मग येईनासा झाला. आरवणं बंद झालं नाही, पण ते आता लांबून, अधूनमधून यायचं.

पुढच्या गुरुवारी मला जाग आली तेव्हा दोन वाजले होते. घर शांत. मी अनवाणीच भिंतीपाशी धावले.

पिंतो केळीखाली धुळीत पंख पसरून लोळत होता.

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

"आवाज आला नाही, म्हणून घाबरले."

"अगं, सहा वेळा आरवला. तूच झोपली होतीस."

मी आत गेले आणि पुन्हा आडवी झाले. ड्यूटीला अजून चार तास होते.