मधमाशीचे गुडघे

गेणूच्या पोटात दुखायला लागलं ते हमीदच्या पुडिंगापायी, आणि त्यावर ओवा चालणार नव्हता. लोणावळ्याला गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात बारा वर्षं त्यानं गुलाब जपले. साहेबानं कधी 'बरं' म्हटलं नाही. आणि हा कामशेतचा हमीद, काल आलेला खानसामा! चमचा तोंडात जातो न जातो तोच साहेब त्याची पाठ थोपटून म्हणाला, "हमीद, यू आर द बीझ नीझ!"

अर्थ कळल्याशिवाय गेणूला चैन कुठलं? त्यानं थेट स्टेशन गाठलं. तिकीटबाबू दत्तोबा हसला. "मधमाशीचे गुडघे, गेणूभाऊ! म्हणजे एक नंबर माणूस. कुणी म्हणतं, माशी फुलातला ऐवज पायाला लावून आणते, म्हणून. कुणी म्हणतं, कसलं काय, विलायतेतल्या पोराटोरांनी चेष्टेत काढलेलं. तिकडं मांजराच्या मिशासुद्धा म्हणतात!"

एक नंबर! फुलं माझी अन् गुडघे ह्याचे? गेणू जळून कोळसा झाला.

परत येऊन त्यानं हमीदला बाजूला घेतलं. "शिवी दिली रं तुला. उष्ट्यावर बसनारी माशी म्हनला."

"खरंच, गेणूभाऊ?"

"तिकीटबाबूला इचारून आलोय."

हमीदनं फडकं खुंटीला अडकवलं आणि साहेबाला सलामही न करता कामशेतची वाट धरली. गेणूनं तेवढ्यावर तरी थांबावं! छे. आपल्या गावी, कुरवंड्यात, पारावर बसून त्यानं ती शिवी महिनाभर रंगवून सांगितली. पोरं भांडताना एकमेकांना बीझ नीझ म्हणू लागली.

पुढं गुलाबांना प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. त्या दिवशी गेणूची बायको बयाबाई गावातल्या बायकांना घेऊन शेणखताच्या पाट्या टाकायला आली होती. साहेब धावत आला, गेणूच्या खांद्यावर हात ठेवून ओरडला, "गेणू, यू आर द बीझ नीझ!"

बारा वर्षांनी! गेणूचे डोळे भरून आले. मागं पाट्या धाडकन खाली पडल्या.

"चला घरी," बयाबाई लालबुंद होऊन म्हणाली.

"अगं, तसं न्हाई..."

"मग कसं? तुमीच सांगितला न्हवं अर्थ?"

सगळ्या बायका त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. खरा अर्थ जिभेवर आला होता. सांगितला तर हमीद कसा गेला, तेही सांगावं लागणार.

"हमीदला लाज व्हती, त्यो गेला," बयाबाई म्हणाली. "तुमाला न्हाई का?"

गेणूनं कात्री गुलाबाच्या बुडाशी ठेवली आणि तिच्यामागं निघाला.